पूर येण्याआधी घरात ठरवून ठेवायच्या गोष्टी



बडोद्याच्या पुराची एक खोड आहे. तो पावसाबरोबर येत नाही, पावसाच्या मागून येतो. दिवसभर मुसळधार पाऊस पडतो, मग थांबतो. आभाळ उघडते. लोक ओट्यावर येऊन "चला, सुटलो एकदाचे" असे म्हणतात. आणि नेमके त्यानंतर विश्वामित्रीचे पाणी चढू लागते. आभाळाकडे पाहून निश्चिंत झालेल्या घराची मग तारांबळ उडते. गादी उचलायची की गॅस बंद करायचा, आजीला वर न्यायचे की कागद शोधायचे, हे सारे एकाच वेळी सुचते आणि धड काहीच होत नाही.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपण सगळे जाणतो. पुराच्या बाबतीत ही विहीर म्हणजे मोठा खर्च किंवा कोठीभर सामान नव्हे. कोणी काय करायचे आणि केव्हा करायचे, एवढे कोरड्या दिवशी घरात बसून ठरवणे हीच खरी तयारी. ती कशी करायची ते या लेखात पाहू.

पाणी येते कुठून?

विश्वामित्री पावागढच्या डोंगरात उगम पावते आणि आपल्या शहराच्या मधून वाहत जाते. शहराच्या वरच्या अंगाला आजवा तलाव, म्हणजेच सयाजी सरोवर आहे. शहराला स्वच्छ पाणी मिळावे म्हणून श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला गेला. हा तलाव भरला की जादा पाणी नदीतच येते. म्हणजे पावागढच्या बाजूचा पाऊस, आजव्याचे जादा पाणी आणि शहरातल्या कांसांतून येणारे पाणी असे तिन्ही मिळून एकाच पात्रात उतरते.

हे पात्र शहरात अतिशय नागमोडी आहे आणि त्याला उतार फार थोडा आहे. पुढे विश्वामित्री ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखाताला जाते. ढाढरलाही पूर आलेला असेल तर आपल्या नदीचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. पूर्वी नदीकाठची कोतरे आणि सखल मोकळ्या जागा बरेच पाणी पोटात घेत असत. शहर वाढले, त्यातल्या कित्येक जागा भरून तिथे घरे आणि रस्ते झाले. त्यामुळे पाणी पसरते ते आपल्या अंगणात.

३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला. पुराचा खरा तडाखा नंतर बसला. त्या पुरात एका पोलीस अधिकाऱ्याने एका तान्ह्या बाळाला प्लॅस्टिकच्या टबात ठेवून, तो टब डोक्यावर घेऊन गळाभर पाण्यातून बाहेर आणले. ते छायाचित्र देशभर गाजले. ऑगस्ट २०२४ मध्ये तर नदीची पातळी ३५ फुटांच्याही वर गेली. फतेगंज, सयाजीगंज, कारेलीबाग, समा, अकोटा, मुजमहुडा अशा अनेक भागांत घरांत पाणी शिरले आणि ते ओसरायला काही दिवस लागले. त्यानंतर २०२५ मध्ये महापालिकेने नदीचे पात्र रुंद आणि खोल करण्याचे मोठे काम केले. त्याचा उपयोग होईलच. पण पाण्याला जागा करून देणे हे महापालिकेचे काम आणि घर तयार ठेवणे हे आपले. एकाने दुसऱ्याची सुटका होत नाही.

आभाळ पाहू नका, फूट पाहा

काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी मोजतात आणि पावसाळ्यात ती वर्तमानपत्रांतून व महापालिकेकडून जाहीर होत असते. आजवा तलावाची पातळीही जाहीर होते. काळा घोड्याला साधारण २५-२६ फूट ही धोक्याची पातळी मानतात. मात्र तुमच्या घराची धोक्याची पातळी वेगळी असू शकते. कुणाच्या गल्लीत २४ फुटांना पाणी येते, कुणाच्या दारात ३२ फुटांनाही येत नाही.

म्हणून पहिले काम असे. २०१९ आणि २०२४ मध्ये आपल्या घरात किंवा सोसायटीत पाणी कुठपर्यंत आले होते ते आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना, सोसायटीच्या जुन्या रखवालदाराला विचारा. भिंतीवर डाग असेल तर तो शोधा. त्या वेळी काळा घोड्याला किती फूट होते, ते कुणाला आठवत असेल किंवा जुन्या वर्तमानपत्रात सापडेल. ते दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. त्यावरून तीन खुणा ठरवा.

पहिली खूण : या पातळीला सामान वर चढवायचे, पाणी भरून ठेवायचे, फोन पूर्ण चार्ज करायचे.

दुसरी खूण : या पातळीला आजारी माणसे, वृद्ध, लहान मुले आणि गरोदर बाई यांना उंचावरच्या नातेवाइकांकडे पोचवायचे. वाहनेही याच वेळी उंच जागी न्यायची.

तिसरी खूण : या पातळीला मुख्य स्विच आणि गॅस बंद करून उरलेल्या सर्वांनी घर सोडायचे किंवा वरच्या मजल्यावर जायचे.

या खुणा आधी ठरवण्याचे कारण सांगतो. पाणी चढत असताना प्रत्येक घरात एक वाद होतो. एक जण म्हणतो निघू या, दुसरा म्हणतो आणखी तासभर वाट पाहू. आजोबा म्हणतात, "इतकी वर्षे या घरात काढली, मी कुठे जाणार नाही." त्यात वेळ जातो आणि घोट्याएवढे पाणी कमरेएवढे होते. आकडा आधी ठरलेला असला आणि तो आजोबांनी स्वतः ठरवलेला असला, तर वाद राहत नाही. म्हणून ही बैठक त्यांना घेऊनच करा. जुने पूर त्यांनीच तर पाहिले आहेत.

वरच्या मजल्यावरच्यांनीही वाचावे

"आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्हाला काय?" असे पुष्कळांना वाटते. पाणी तळमजल्यावर येते, अडचण मात्र सगळ्या इमारतीत येते. सुरक्षिततेसाठी वीज बंद करतात. लिफ्ट थांबते. पाणी चढवणारा पंप तळाशी असतो, तो बुडतो. जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी शिरले की तेही निरुपयोगी. दूध, भाजी येत नाही. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे कुटुंब कोरड्या घरात, पण पाण्यावाचून, दोन-तीन दिवस अडकते.

म्हणून प्रत्येक घराने तीन दिवस बाहेरच्या मदतीशिवाय निघतील एवढी सोय ठेवावी. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला ४ लिटर पाणी धरा. पाच माणसांच्या घराला तीन दिवसांचे ६० लिटर होतात, म्हणजे २० लिटरचे तीन जार. हात-पाय धुण्यासाठी आणि संडासासाठी बादल्या, पिंप, मोठी पातेली पहिल्या खुणेलाच भरून ठेवा. खाण्यासाठी न शिजवता चालेल असे ठेवा : पोहे, चुरमुरे, चणे-शेंगदाणे, गूळ, खाखरे, थेपले, दशम्या, दूध पावडर. हे सारे आपल्या घरांत असतेच. पाऊस सुरू झाला की त्यातला एक डबा वेगळा काढून ठेवायचा, इतकेच.

आणि वरच्या मजल्यावरच्यांनी आणखी एक करावे. तळमजल्यावरचे कोणते कुटुंब आपल्याकडे येणार, हे आधीच बोलून ठेवावे. पाणी शिरल्यावर भिजलेल्या कपड्यांनी दार ठोठावणे माणसाला जड जाते. "पाणी आले तर थेट आमच्याकडेच यायचे हं काकू," एवढे एक वाक्य जूनमध्ये बोलून ठेवले तर तो संकोच राहत नाही.

एक पिशवी, दाराजवळ

घर सोडताना हातात एकच पिशवी असावी आणि ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला अंधारातही ठाऊक असावे. तिच्यात पुढील वस्तू असाव्यात.

१. कागदपत्रे : आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेची पासबुके, घराचे कागद, विम्याचे कागद, जन्माचे आणि शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रिका. हे सारे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पुन्हा दुसऱ्या पिशवीत. प्रत्येक कागदाचा फोटो काढून परगावच्या एका नातेवाइकाकडेही पाठवून ठेवावा.

२. औषधे : रोजची औषधे निदान सात दिवसांची आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज गेल्यावर ते कसे ठेवायचे हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. मातीच्या ओल्या मडक्यात कोरड्या डबीत ठेवलेले औषध बाहेरच्यापेक्षा थंड राहते. बर्फाला मात्र ते टेकू देऊ नये.

३. रोख पैसे : दहा, वीस, पन्नास, शंभराच्या नोटा. वीज आणि इंटरनेट गेले की फोनवरून पैसे देता येत नाहीत, आणि पाचशेची सुटी कुणाकडे नसते.

४. बॅटरी, जादा सेल, भरलेली पॉवर बँक, शिट्टी, सेलवर चालणारा छोटा रेडिओ.

५. प्रत्येकाचा एक कोरडा जोड, चादर, साबण, मुलींच्या व बायकांच्या गरजेच्या वस्तू, बाळ असल्यास त्याचे दूध आणि लंगोट, जादा चष्मा.

६. कागदावर लिहिलेले फोन क्रमांक. फोन बंद पडला की आपल्याला आईचाही नंबर आठवत नाही, हे करून पाहा.

क्रमांकांच्या यादीत ११२ (कोणत्याही आणीबाणीसाठी), १०१ (अग्निशमन दल), १०८ (रुग्णवाहिका) आणि १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष) हे असावेतच. शिवाय पुणे, इंदूर, मुंबई, जिथे कुठे आपले नातेवाईक असतील, तिथला एक नंबर कुटुंबाचा 'निरोपाचा नंबर' म्हणून ठरवा. शहरात सगळे एकमेकांना फोन करत असतात तेव्हा फोन लागत नाहीत. परगावचा लागण्याचा संभव जास्त. घरातला प्रत्येकजण त्या एकाच नंबरवर "मी अमुक ठिकाणी आहे" एवढा निरोप ठेवील. बोलणे होत नसेल तर साधा एसएमएस करावा. तो बरेचदा पोचतो.

वीज, गॅस आणि पाणी

पुरात बुडून जसे जीव जातात तसे विजेच्या धक्क्यानेही जातात. पाणी घरात शिरण्याची चिन्हे दिसताच, जमीन कोरडी असतानाच मुख्य स्विच बंद करावा. पाण्यात उभे राहून किंवा ओल्या हाताने स्विचला हात लावू नये. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : घरात इन्व्हर्टर असेल तर मुख्य स्विच बंद केल्यावरही बॅटरीची वीज तारांतून येत राहते. म्हणून इन्व्हर्टरही बंद करावा आणि त्याची बॅटरी खाली असेल तर पाणी यायच्या आधी उंचावर हलवून घ्यावी. छतावर सौर पॅनेल असतील तर ते बसवणाऱ्याकडून ते सुरक्षित कसे बंद करायचे हे शिकून घ्यावे. ऊन असेपर्यंत पॅनेलमध्ये वीज तयार होतच असते.

गॅसचा सिलिंडर पाण्यात तरंगतो आणि नळी तुटू शकते. रेग्युलेटर बंद करून काढावा, सिलिंडरला टोपी लावून तो उंचावर ठेवावा किंवा खिडकीच्या गजाला बांधावा. पाइपचा गॅस असेल तर घरातला मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा. तो कुठे आहे आणि कोणत्या बाजूला फिरवायचा, हे घरातल्या सर्व मोठ्यांना यायला हवे.

पुराच्या पाण्यात गंमत म्हणून उतरू नका, हे विद्यार्थ्यांना विशेष करून सांगायचे आहे. वाहते पाणी अर्धा फूट असले तरी मोठ्या माणसाचा तोल जाऊ शकतो. दोन फूट वाहते पाणी मोटार उचलते. पाण्याखाली उघडी गटारे, तुटलेल्या तारा, काचा असतात. आणि आपल्या नदीत मगरी आहेत. पूर आला की त्या पाण्याबरोबर रस्त्यांवर, सोसायट्यांत, अंगणांत येतात. २०२४ मध्ये वनखात्याने आणि प्राणिमित्रांनी अशा अनेक मगरी पकडून सोडवल्या. मगर दिसली तर तिला दगड मारू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका, लांब राहून कळवा. ती आपल्या घरात आली असे आपल्याला वाटते. तिच्या लेखी नदीच मोठी झालेली असते.

घरातल्या मुलांची कामे

तयारीत मुलांना वगळू नये. काम असले की भीती कमी होते. कामे वयाप्रमाणे वाटून द्यावीत. पहिली-दुसरीच्या मुलाने आपले पूर्ण नाव, आई-वडिलांचे नाव, पत्ता आणि एक फोन नंबर पाठ करावा. पाचवी-सहावीच्या मुलाने दर महिन्याला बॅटरी, सेल आणि पॉवर बँक तपासावी. आठवीच्या पुढच्यांनी रोज सकाळी नदीची आणि आजव्याची पातळी वहीत लिहावी. आठ-दहा दिवसांत त्यांच्या लक्षात येईल की पाऊस आणि पातळी यांच्यात काही तासांचे अंतर असते. भूगोलाच्या तासाला शिकलेला 'पाणलोट' असा घरीच समजतो. कोणतीही बातमी पुढे पाठवण्याआधी ती महापालिकेने किंवा जिल्हा प्रशासनाने सांगितली आहे का, हे पाहण्याचे कामही त्यांच्याकडे द्यावे. धरण फुटल्याच्या अफवेने जितकी पळापळ होते तितकी पाण्यानेही होत नाही.

शाळेच्या वेळेत पाणी चढले तर काय, हेही घरी ठरवा. मुलाला कोण न्यायला येईल? आई-वडील अडकले तर दुसरे कोण? अशा दोन माणसांची नावे आणि नंबर वर्गशिक्षकांकडे लिहून द्या. मुलाने एकट्याने निघायचे नाही, आणि यादीतला माणूस आल्याशिवाय शाळेतून हलायचे नाही. मूल शाळेत सुरक्षित आहे हे ठाऊक असले म्हणजे पालकही भरल्या पाण्यातून स्कूटर घालणार नाहीत.

विश्वस्त मंडळापुढेही यातून तीन कामे येतात : जनरल रजिस्टर आणि जुने दफ्तर वरच्या मजल्यावर हलवणे, प्रत्येक वर्गाची ही न्यायला येणाऱ्यांची यादी जूनमध्येच पुरी करणे, आणि आसपासच्या कुटुंबांना आसरा देण्याची वेळ आल्यास कोणत्या खोल्या उघडायच्या व किल्ल्या कुणाकडे असतील हे ठरवणे. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी पन्नास वर्षांनी माणूस दारात येतो. ते रजिस्टर भिजले तर दुसरीकडे मिळत नाही.

पाणी ओसरल्यावर

घरात परतताना आधी दिवसा उजेडी बाहेरून पाहावे. भिंतीला तडे, लोंबत्या तारा, गॅसचा वास यांपैकी काही असेल तर आत जाऊ नये. वीजतंत्रज्ञाने तपासल्याशिवाय मुख्य स्विच लावू नये. पाण्यात बुडालेला फ्रिज, पंप, मिक्सर वाळला असे वाटले तरी तपासून घ्यावा. बुडालेली मोटार किंवा स्कूटर सुरू करून पाहू नये. इंजिनात पाणी असेल तर सुरू करण्यानेच जास्त नुकसान होते. साफसफाई करण्याआधी नुकसानीचे फोटो काढावेत. विम्याला आणि पंचनाम्याला ते लागतात.

पिण्याचे पाणी काही दिवस उकळूनच प्यावे. गढूळ असेल तर चार पदरी फडक्यातून गाळून घ्यावे आणि खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट तरी उकळू द्यावे. जमिनीखालची टाकी उपसून, घासून, क्लोरीन टाकून मगच भरावी. पुराचे पाणी लागलेले धान्य आणि औषधे टाकून द्यावीत. जीव होत नाही, पण टाकावीतच. चिखल काढताना बूट आणि हातमोजे घालावेत, कारण उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पुरानंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे असे काही झाले तर घरगुती उपायात दिवस न घालवता डॉक्टरांकडे जावे आणि आपण पुराच्या पाण्यात होतो हे सांगावे. जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा, मोजून) घालून ते पाणी थोडे थोडे पाजत राहावे.

येत्या रविवारी तास-दीड तास काढा. घरातले सगळे एकत्र बसा. पूर्वी पाणी कुठपर्यंत आले होते, आपल्या तीन खुणा कोणत्या, आपण कुणाकडे जायचे किंवा कोण आपल्याकडे येणार, पिशवी कुठे, निरोपाचा नंबर कोणता आणि कुणाचे काम काय, एवढे एका कागदावर मुलांच्या हाताने लिहून घ्या. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्याची एक प्रत मुलांनी सोमवारी वर्गशिक्षकांना दाखवावी.